राजगिऱ्याएवढ्या शिंपल्यांवरून खडकाचं वय: ओस्ट्राकोड शिकणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासून

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की ठाणे, कळवा, ऐरोली भागातली दोन-तीन मुलं मला फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो, "ताई, ओस्ट्राकोडवर प्रोजेक्ट मिळालाय, सुरुवात कुठून करू?" मीही अशीच सुरुवात केली होती. हाताशी इंग्रजी पुस्तकं भरपूर होती. पण गाळ कशात भिजवायचा, चाळणी कशी धुवायची, नमुन्याच्या पिशवीवर काय लिहायचं, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्यात माझे जवळजवळ आठ महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

ओस्ट्राकोड हे झिंगे-खेकड्यांच्या कुळातले जीव. बहुतेकांची लांबी अर्धा ते दोन मिलिमीटर, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याच्या आसपास. अंगावर दोन झडपांचं चुनखडी कवच असतं आणि पाठीकडे बिजागरी. जीव मेला की मऊ शरीर कुजतं, झडपा गाळात राहतात. सुमारे ४८ कोटी वर्षांपासून, म्हणजे ऑर्डोव्हिशियन काळापासून, त्या खडकांत सापडत आल्या आहेत. समुद्र, खाडी, तळं, डबकं असं कुठलंच पाणी त्यांनी सोडलेलं नाही. काळाबरोबर जाती बदलत गेल्या, म्हणून कुठल्या थरात कुठल्या जाती आहेत त्यावरून थराचं वय काढता येतं.

१. आधी जिवंत ओस्ट्राकोड बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

पावसाळ्यात मुरबाड-बदलापूरकडे कुणी ओळखीचं असेल तर भातखाचरातलं तळाचं पाणी बाटलीभर आणा. तेही जमत नसेल तर कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं हिरवट पाणी बघा, नाहीतर मासे पाळणाऱ्या मित्राच्या टाकीतला तळाचा गाळ मागून घ्या. पांढऱ्या वाटीत ओतून पाच मिनिटं स्वस्थ बसा. तळाशी बारीक दाणे तुरुतुरु पळताना दिसले की भिंगाखाली धरा. झडपा किंचित उघडून पाय बाहेर काढताना दिसतील आणि वाटी हलवली की पटकन मिटून घेतील.

हे एकदा पाहिलं की पुढे खडकातली झडप हातात आली तेव्हा वरची बाजू कुठली, पुढची कुठली, हे पाठ करावं लागत नाही.

ठाणे खाडीचा चिखल मात्र आणायला जाऊ नका. खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, मिळाला. परवानगीशिवाय तिथून काहीही उचलायचं नाही. येऊरच्या जंगलालाही हाच नियम.

२. कुठल्या खडकात शोधायचं ते समजून घ्या

पारसिकचा डोंगर, खारघरच्या टेकड्या, मुंब्र्याचा कडा, हे सगळं बेसाल्ट आहे, म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात ओस्ट्राकोड मिळत नाहीत. पहिल्या रविवारी हातोडी घेऊन मुंब्र्याला जाऊन दिवसभर दगड फोडणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या मेहनतीचं फार वाईट वाटतं.

मात्र दोन लाव्हांच्या मधे कधीकधी तळ्याचा गाळ साचलेला असतो. एक लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर तळी साचली, जीव राहिले, गाळ बसला आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून गेला. या थरांना इंटरट्रॅपियन म्हणतात आणि ओस्ट्राकोड तिथे भरपूर मिळतात. दख्खनच्या अशा थरांतल्या ओस्ट्राकोडांची वर्णनं सॉवर्बी या इंग्रज अभ्यासकाने १८४० मध्येच केली होती. आपल्या वरळीच्या अशाच थरांतल्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन रिचर्ड ओवेन या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञाने १८४७ साली केलं. आज ते थर इमारती आणि रस्त्यांखाली आहेत, पण रोज जिथून लोकल जाते त्या शहराच्या पोटात तळ्याचा गाळ दडलाय हे कळल्यावर मी कितीतरी दिवस त्याच विचारात होते.

तुम्हाला शिकायला लागणारा नमुना बहुधा तीन ठिकाणांहून येईल: विदर्भ-मध्य प्रदेशातले इंटरट्रॅपियन थर, कच्छचे सागरी थर किंवा कॉलेजच्या विभागातल्या कपाटात पडून असलेल्या जुन्या पिशव्या. पहिल्या प्रोजेक्टसाठी मी कच्छच्या मऊ शेल (चिखल दबून झालेला पापुद्र्यांचा खडक) किंवा मार्लचा (चुना मिसळलेला चिखलाचा खडक) नमुना सुचवेन. तो लवकर फुटतो, आणि सोबत फोरामिनिफेरा, म्हणजे कवच असलेले सूक्ष्म एकपेशी जीव, मिळत असल्यामुळे तुमचा निष्कर्ष दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघता येतो.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं थोडीच आहेत, पण फिल्डवर निघण्याआधी हातात हवीत:

- विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, त्यात जागा आणि तारखा लिहिलेल्या
- कॉलेजचं ओळखपत्र
- जमीन खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती, खाण असेल तर खाणमालकाची
- जंगल किंवा संरक्षित जागा असेल तर वनखात्याची परवानगी. ती मिळायला वेळ लागतो, अर्ज आधीच करा

सामान: हातोडी, छिन्नी, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पेन्सिल, पक्क्या शाईचा मार्कर, फिल्डची वही. घरी किंवा लॅबमध्ये ६३ आणि १५० मायक्रॉनच्या चाळण्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), स्टीलची भांडी, धुण्याचा सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड, मेथिलीन ब्लू, ००० नंबरचा ब्रश, चौकटी आखलेली काळी ताटली आणि सूक्ष्मजीवाश्म ठेवायच्या खाचेच्या स्लाइड. लॅबचं सामान प्रिन्सेस स्ट्रीटला बघा, ब्रश ठाण्यातल्या कुठल्याही चांगल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. ब्रश स्वस्तातला घेऊ नका. टोक दुभंगलं की झडप उचलता येत नाही, ती उडून जाते. स्टिरिओ सूक्ष्मदर्शी विकत घेण्याची गरज नाही, विभागात ठरलेल्या वेळी जाऊन बसा.

४. नमुना घेताना

कड्याचा वरचा झिजलेला पापुद्रा काढून टाका, आतला ताजा खडक दिसला पाहिजे. मग खालच्या थरापासून वर जात नमुने घ्या. वरून सुरुवात केली तर वरचा भुगा खालच्या थरावर पडतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो. प्रत्येक थराचा ३०० ते ५०० ग्रॅम पुरतो. थराची जाडी मोजा, रंग लिहा, खालच्या-वरच्या थरांची नावं लिहा, फोटो काढा. जिथे खडकाचा रंग किंवा पोत बदलतो तिथे दोन्ही बाजूंचा नमुना घ्या.

पिशवीवर नंबर बाहेरून मार्करने लिहायचा आणि आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठीही ठेवायची. हे दोन्ही करायचं, एक करून चालत नाही. रेल्वेच्या प्रवासात पिशव्या एकमेकींवर घासतात, मार्कर पुसला जातो आणि बॉलपेनची शाई ओलाव्याने पसरते. पेन्सिलचं अक्षर टिकतं. नंबर नसलेल्या पिशवीतला नमुना कितीही सुंदर असला तरी वय काढायला निरुपयोगी.

५. खडक फोडून गाळ धुणे

नमुन्याचे अर्धे-अर्धे भाग करा. एक भाग पिशवीतच राहू द्या, दुसऱ्यावर काम करा. वाटाण्याएवढे तुकडे करा, कुटून पीठ करू नका.

मऊ शेल असेल तर आधी पूर्ण वाळवा, मग कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा. बऱ्याचदा एवढ्याने चिखल होतो. काळसर, सेंद्रिय द्रव्य जास्त असलेला खडक असेल तर ५ ते १० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. हातमोजे घाला, भांड्यावर झाकण ठेवू नका, फेस येतो. आणि काम झालं की लगेच धुवा, जास्त वेळ ठेवलं तर पातळ झडपांवर परिणाम होतो.

हट्टी शेलसाठी जुन्या लोकांची रॉकेलची पद्धत आहे. नमुना कडकडीत वाळवायचा, गार करायचा, रॉकेलमध्ये काही तास मुरवायचा, रॉकेल निथळून काढायचं आणि लगेच गरम पाणी ओतायचं. खडक डोळ्यांदेखत ढासळतो. रॉकेल आता सहज मिळत नाही, रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन त्या जागी चालतं. पण हे लॅबमध्येच करा. स्वयंपाकघरात, गॅसजवळ कधीही नाही.

सापळा: कुणीतरी सांगेल की व्हिनेगरने जीवाश्म स्वच्छ होतात. ओस्ट्राकोडची झडप कॅल्साइटची असते. व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक आम्ल, कुठलंही आम्ल तिला खातं. आपण जे शोधायला निघालो तेच विरघळून जाईल.

झालेला चिखल ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवा, खालून निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. घासू नका. घरी करत असाल तर हे पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत साठवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी झाडांना घाला. सोसायटीचे पाइप अशा गाळाने तुंबतात आणि मग खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. उरलेला अवशेष मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवा.

६. चाळणी धुण्याची गोष्ट

याला वेगळी पायरी दिली आहे, कारण माझा संपूर्ण एक मोसम इथे वाया गेला.

मी कच्छचे अकरा नमुने एका आठवड्यात धुतले. आठव्या नमुन्यात मला एक ठसठशीत, जाळीदार नक्षीची झडप मिळाली. ती जात त्या थरात अपेक्षित नव्हती. मला वाटलं, मोठं काहीतरी सापडलंय. तीन महिने मी त्या एका झडपेभोवती युक्तिवाद रचत राहिले. शेवटी एका ज्येष्ठ मॅडमनी विचारलं, "चाळणी निळी केली होतीस का?" मी नव्हती केली. मग राखून ठेवलेला अर्धा नमुना पुन्हा धुतला, नवीन चाळणीवर. त्यात ती जात नव्हती. ती झडप सातव्या नमुन्यातून आली होती, चाळणीच्या कडेच्या सांध्यात अडकून.

म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी उलटी धरून जोरदार धारेने धुवा आणि मग मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून काढा. आत काही अडकलं असेल तर त्याला निळा रंग चढतो. पुढच्या नमुन्यात निळी झडप दिसली की ती पाहुणी आहे, बाजूला टाका. खर्च काही रुपयांचा, वेळ दोन मिनिटांचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

७. वेचणे आणि ओळखणे

वाळलेला अवशेष १५० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. वर राहिलेल्यापासून सुरुवात करा. काळ्या ताटलीवर विरळ पसरा, दाण्याशेजारी दाणा इतकाच. ब्रशचं टोक किंचित ओलं करा, झडपेला टेकवा, ती आपोआप चिकटून वर येते. चौकटीमागून चौकट अशी ओळीने जा. सुंदर दिसतात तेवढ्याच उचलण्याचा मोह होतो, पण मग मोजणी खोटी ठरते. प्रत्येक नमुन्यातून दोन-तीनशे झडपा वेचल्या तर बोलण्याजोगं काही हाती येतं.

फसवणारे तीन:

शिंपल्यांची पिल्लं. त्यांच्यावर वाढीच्या वर्तुळाकार रेघा असतात. ओस्ट्राकोडवर नसतात, कारण तो कात टाकून पूर्ण नवं कवच करतो.

कॉन्कोस्ट्राकन. हेही दोन झडपांचे कवचधारीच, पण कात टाकताना जुनं कवच सोडत नाहीत, त्यामुळे रेघा साठत जातात. बहुधा मोठेही असतात.

फोरामिनिफेरा. यांत कप्पे दिसतात. झडपेत कप्पे नसतात, ती वाटीसारखी पोकळ असते.

ओस्ट्राकोडच आहे हे ठरलं की झडप पालथी करून आतली बाजू वर आणा आणि पाण्याचा एक थेंब सोडा. झडप अर्धपारदर्शक होते आणि मधोमध स्नायूंचे ठसे उमटतात. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा श्वास रोखला जातो. चार ठसे उभ्या ओळीत असतील तर सायथेरॉइड गट, मांजराच्या पावलासारखा पुंजका असेल तर सायप्रिडॉइड. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या जिवाने ज्या स्नायूने झडपा मिटून घेतल्या, त्याची ती जागा. मग बिजागरी बघा, दाते आहेत की सरळ पट्टी. मग काठ आणि नक्षी. जातीपर्यंत जायचं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचे फोटो लागतील. चांगल्यातल्या चांगल्या आठ-दहा झडपांचेच काढा, तिथे तासाचे पैसे लागतात.

पिल्लं आणि प्रौढ यांत गोंधळू नका. एक ओस्ट्राकोड साधारण आठ वेळा कात टाकतो. म्हणजे एका जिवाची नऊ कवचं, अठरा झडपा गाळात जाऊ शकतात. पिल्लांची नक्षी आणि बिजागरी अर्धवट असते. नवशिके एकाच जातीच्या पिल्लाला वेगळी जात म्हणून नोंदवतात आणि यादी फुगते. जात ठरवायची ती प्रौढावरून.

८. झडपा त्याच थराच्या आहेत का?

वयाकडे जाण्याआधी हे तपासायचंच. नमुन्यात लहान-मोठी पिल्लं आणि प्रौढ सगळे एकत्र असतील तर ते जीव तिथेच राहिले, तिथेच मेले. एकाच मापाच्या झडपा असतील तर पाण्याच्या प्रवाहाने चाळून आणून टाकल्या असण्याची शक्यता मोठी. काही झडपांचा रंग वेगळा, कडा झिजलेल्या, नक्षी पुसट असेल तर त्या जुन्या खडकातून धुपून आलेल्या असू शकतात. त्या धरल्या तर थर आहे त्यापेक्षा म्हातारा ठरतो.

विहिरीतल्या नमुन्यांचं उलटं असतं. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडल्यापासून आपल्या किनाऱ्याजवळ तेलासाठी खोदकाम चालू आहे, तुमच्यापैकी कुणी पुढे त्या कामात जाईल. खोदताना वर येणाऱ्या चुऱ्यात वरच्या थरांचे कण ढासळून खाली मिसळतात. म्हणून खाली जाताना एखादी जात पहिल्यांदा कुठे दिसली, म्हणजे काळाच्या दृष्टीने ती शेवटची कुठे होती, त्यावर भरवसा ठेवायचा. ती खाली कुठपर्यंत दिसत राहते यावर नाही.

९. वय काढणे

आता तक्ता करा. उभ्या बाजूला नमुने, खालचा खाली, वरचा वर. आडव्या बाजूला जाती. प्रत्येक जात कुठून कुठपर्यंत मिळते त्याची रेघ ओढा. मग प्रकाशित तक्त्यांतून त्या जातींचे ज्ञात कालखंड घ्या. समजा एक जात काळाच्या दुसऱ्या ते पाचव्या विभागापर्यंत मिळते, दुसरी चौथ्या ते आठव्यापर्यंत, आणि तुमच्या नमुन्यात दोन्ही आहेत. तर थर चौथ्या किंवा पाचव्या विभागातला. तिसरी, चौथी जात जोडत जा, पट्टा अरुंद होत जातो. एकाच जातीवरून वय सांगू नका, ती कितीही प्रसिद्ध असली तरी.

इंग्लंडमधले पर्बेक आणि वील्डन हे गोड्या-मचूळ पाण्याचे थर सायप्रिडिया या ओस्ट्राकोड प्रजातीच्या जातींवरून असेच बारीक विभागले गेले. तिथे हे जमलं, कारण सायप्रिडियाच्या जाती भराभर बदलत होत्या. डार्विन्युलासारख्या कुळाचं तसं नाही. ते पुराजीव महाकल्पापासून जवळजवळ त्याच रूपात चालत आलेलं आहे, वय सांगायला त्याचा उपयोग नाही.

इथला सगळ्यात मोठा सापळा: एखादी जात वरच्या थरात दिसेनाशी झाली म्हणजे ती नामशेष झाली असं नाही. पाणी खारट झालं असेल, तळं आटलं असेल, ती शेजारच्या तळ्यात सुखाने राहत असेल. ओस्ट्राकोड क्षारतेच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. म्हणून पाणी कसं होतं हे आधी ठरवा, वय नंतर.

दख्खनच्या गोड्या पाण्यातल्या ओस्ट्राकोडांत ही अडचण ठळक दिसते. त्यांच्यावरून थर क्रिटेशसच्या (डायनोसॉरांचा शेवटचा कालखंड) अखेरचा की पॅलिओसीनच्या (त्याच्या लगेच नंतरचा) सुरुवातीचा हे सांगणं अवघड जातं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या थरात गोड्या पाण्यातल्यांबरोबर मचूळ पाण्यातले ओस्ट्राकोडही मिळाले आणि तरंगणारे सागरी फोरामिनिफेराही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात या फोरामिनिफेरांवरून तो थर पॅलिओसीनच्या अगदी सुरुवातीचा ठरला. पाणी कसं होतं ते ओस्ट्राकोडांनी सांगितलं, वेळ फोरामिनिफेरांनी. असं वाटून घेतलेलं काम कमी दर्जाचं नसतं, उलट त्याच्यावर विश्वास जास्त बसतो.

आणि एक लक्षात ठेवा: जीवाश्म ‘आधी-नंतर’ सांगतात, वर्षांचा आकडा सांगत नाहीत. आकडा येतो लाव्हा किंवा ज्वालामुखी राखेच्या आर्गॉन मापनातून (किरणोत्सारी क्षयातून साठलेला आर्गॉन वायू मोजून), किंवा खडकातल्या चुंबकीय दिशेवरून. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. इंटरट्रॅपियन थराच्या खाली लाव्हा, वर लाव्हा. दोन्हींचं वय मिळालं तर मधला गाळ आपोआप कैचीत सापडतो. अहवालात ‘६.६ कोटी वर्षं’ लिहिताना तो आकडा कुठल्या लाव्ह्याच्या मापनातून आला ते लिहायचं.

१०. स्लाइड आणि उरलेला नमुना

झडपा स्लाइडवर डिंकाने चिकटवतात, पाण्यात विरघळणाऱ्या, म्हणजे पुन्हा सोडवता येतील. ट्रॅगाकँथ डिंक चांगला. पण ठाण्याच्या जुलै महिन्यात त्यावर बुरशी धरते, एका पावसाळ्यात झडपांवर पांढरे केस उगवलेले मी पाहिले आहेत. डिंक कालवताना लवंग तेलाचा एक थेंब घाला. स्लाइड घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या दर पंधरा दिवसांनी गरम करून वाळवा. डब्यावर नमुन्याचे नंबर लिहा, आत वहीच्या पानांची झेरॉक्स ठेवा.

पाचव्या पायरीत राखून ठेवलेला अर्धा भाग प्रोजेक्ट सादर झाल्यावरही फेकू नका. तोंड बांधा, चिठ्ठी आत आहे ना बघा आणि विभागाच्या कपाटात नोंद करून ठेवा.